क्रिताला पैसे पाठवणं आणि 'दुसऱ्या'चा बग : माझा अनुभव

मी मुलांसाठी चित्रगोष्टी काढते, सगळं काम क्रितामध्ये, म्हणजे चित्रं काढायच्या एका फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्यावर घर चालतं, म्हणून ठरवलं की आता दर महिन्याला त्यांना थोडे पैसे पाठवायचेच. पण मंथली डोनेशन लावलं की कार्ड डिक्लाइन. ऑक्टोबर 2021 पासून आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा नियम लागू आहे, म्हणजे दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे आधी नोंदवून ओटीपीने मंजूर करून घ्यावे लागतात, आणि परदेशातल्या पेमेंटला ते माझ्या कार्डावर काही केल्या होईना. बँकेत विचारलं तर तिथे कुणालाच धड सांगता येईना. शेवटी स्टीमवरून, म्हणजे गेम आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्या ऑनलाइन स्टोअरवरून, क्रिता विकत घेतलं, तिथे यूपीआय चालतं, काम झालं. वेबसाइटवर फुकट मिळतं तेच हे, पण इथले पैसे डेव्हलपमेंटला जातात. ज्यांचं कार्ड अडतंय त्यांनी सरळ हेच करा.

एवढी धडपड कशाला, असं घरातल्यांनीही विचारलं. क्रिता फाउंडेशन नेदरलँड्समधलं, पगारी डेव्हलपर मोजकेच, आणि तो पगार येतो लोकांच्या देणग्यांतून आणि स्टोअरच्या विक्रीतून. 2016 मध्ये त्यांनी टेक्स्ट आणि व्हेक्टरच्या (रेघांच्या, कितीही मोठ्या केल्या तरी न फाटणाऱ्या चित्रांच्या) कामासाठी किकस्टार्टर या साइटवर लोकांकडून पैसे गोळा केले होते, ते काम 2018 च्या 4.0 व्हर्जनमध्ये आलं. मधे 2017 मध्ये टॅक्सचं 24 हजार युरोंचं बिल अंगावर आलं, तेव्हा लोकांनीच पैसे देऊन प्रोजेक्ट वाचवला. आणि टेक्स्टची मांडणी हार्फबझवर नव्याने लिहून आली ती थेट 2023 च्या 5.2 मध्ये. हार्फबझ म्हणजे जोडाक्षरं, रफार, वेलांट्या जागेवर बसवणारी लायब्ररी, तीही ओपन सोर्सच. आपल्या देवनागरीसाठी हे केवढं मोठं काम आहे! मी आधी संवादाचे फुगे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करून चित्र म्हणून आणून चिकटवायचे, एक शब्द बदलला की सगळं परत.

तर नवीन व्हर्जनवर मी एका फुकट मराठी फॉन्टमध्ये 'दुसऱ्या दिवशी' टाइप केलं आणि ऱ्या फुटला. ऱ अख्खा, त्याच्याखाली पाय मोडलेला, बाजूला या सुटा. क्रिताकडे बग रिपोर्ट टाकला, स्क्रीनशॉट लावला. उत्तर आलं की स्क्रीनशॉटवरून कळत नाही, टेक्स्ट कॉपी करून द्या आणि फॉन्टची फाइल द्या. आधी वाटलं टाळताहेत, पण मागितलेलं बरोबर होतं, कारण हा ऱ्या दोन पद्धतीने टाइप होतो. एक, ऱ हे वेगळं अक्षर (युनिकोडमधला त्याचा क्रमांक यू+0931), त्याला हलंत, म्हणजे पाय मोडायची खूण, आणि मग य. दुसरी, साधा र, हलंत, मग झेडडब्ल्यूजे हे डोळ्याला न दिसणारं, अक्षरं जोडणारं चिन्ह, आणि य. माझ्या मोबाइलवरून आलेला मजकूर एका पद्धतीचा, लॅपटॉपच्या कीबोर्डचा दुसऱ्या. दोन्ही ओळी एकाखाली एक टाकल्या तर झेडडब्ल्यूजेवाली नीट, ऱवाली फुटलेली. मग क्रितावाल्यांनी सांगितलं तसं टर्मिनलमध्ये हार्फबझच्याच एचबी-व्ह्यू कमांडने, क्रिता मधे न आणता, त्याच फॉन्टमध्ये तोच शब्द काढला, तिथेही फुटला. म्हणजे दोष क्रिताचा नव्हता. मुक्ता फॉन्ट लावून बघितला तर दोन्ही ओळी व्यवस्थित. म्हणजे हार्फबझही ठीक, त्या पहिल्या फॉन्टमध्येच ऱच्या अर्ध्या रूपाचा नियम भरलेला नव्हता.

मग तोच रिपोर्ट, त्याच दोन ओळींसकट, फॉन्टच्या रेपोत, म्हणजे त्याच्या फाइल्स जिथे ठेवलेल्या असतात त्या ऑनलाइन जागी, टाकला. फॉन्ट करणाऱ्याने बदल केला, मला तपासायला नवी आवृत्ती पाठवली, मी 'वाऱ्यावर', 'सुऱ्या', 'तऱ्हा', 'कुऱ्हाड' असे शब्द लावून बघितले. 'तऱ्हा' अजून फुटत होता, ते कळवलं, तेही झालं. हे शब्द मराठी माणसालाच सुचणार ना, नेदरलँड्समध्ये बसलेल्या डेव्हलपरला कुठून सुचणार, आणि हिंदीवाल्यांना हा ऱ्या लागतच नाही, त्यामुळे आपण बोललो नाही तर असे बग वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात.

कुणाला रिपोर्ट टाकायचा असेल तर स्क्रीनशॉटसोबत मजकूर कॉपी-पेस्ट करून द्या, फॉन्टचं नाव आणि व्हर्जन लिहा, दुसऱ्या एका फॉन्टमध्ये तेच टाइप करून काय दिसतं ते सांगा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, माझंही तसंच होतं.