सडा, वाळू की काजूची बाग?

गोव्यात डिस्क गोल्फसाठी, म्हणजे प्लास्टिकची चकती कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायच्या खेळासाठी, सगळ्यात चांगली जागा कुठली, हा वाद आमच्या गटात चवथीपासून चालू आहे आणि अजून मिटलेला नाही. पेडण्याची मंडळी सड्याचं, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठाराचं, नाव सोडत नाहीत. मडगावकरांना बेताळभाटीच्या वाळूपुढे काही दिसत नाही. मी बोरीच्या काजूच्या बागेच्या बाजूने आहे. तिन्हीकडे आमचा कोर्स तात्पुरता असतो: घडीच्या बास्केट गाडीत घालून न्यायच्या, दोन चिरे ठेवून टी, म्हणजे पहिली फेक करायची जागा, ठरवायची, खेळून झालं की सगळं उचलून आणायचं. पाऊस ओसरल्यापासून आलटूनपालटून तिन्ही ठिकाणी खेळलो, त्याची ही नोंद. कोणाला आपल्या गावात कोर्स मांडायचा असेल तर उपयोगी पडेल.

सड्याची ओढ मला कळते. समोर झाड नाही, डिस्क हातातून सुटल्यापासून टेकेपर्यंत डोळ्यासमोर असते, त्यामुळे फेक कुठे बिघडली ते तिथल्या तिथे समजतं. माझं अंतर वाढलं ते सड्यावरच. नुसत्या हाताच्या जोरावर फेकणं बंद केलं. आधी कंबर, मग खांदा आणि शेवटी मनगट असा क्रम बसवला. तेव्हापासून डिस्क लांब तर जातेच, शिवाय खांदाही दुखत नाही. सकाळी दहापर्यंत सडा शांत असतो. नंतर समुद्राकडून खारं वारं सुटलं की खरा अभ्यास सुरू होतो. उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून बाहेर नेत) फेकणाऱ्याची डिस्क समोरच्या वाऱ्यात उजवीकडे जास्त वळते, आणि पाठीमागून वारा असेल तर लवकर डावीकडे झुकून खाली बसते. म्हणून समोर वारा असताना मी फायरबर्ड नावाची डिस्क काढतो. तिच्यावरचे आकडे ९, ३, ०, ४: अनुक्रमे वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटची ओढ. शेवटचा ४ म्हणजे शेवटी डावीकडे ओढ भरपूर, वाऱ्याला सहसा दाद देत नाही.

सड्याने आणखी एक गोष्ट केली. जांभ्यावर घासून घासून डिस्कची कड झिजते, आणि कड झिजली की डिस्कची डावीकडची ओढ कमी होते. माझ्या टीबर्ड नावाच्या डिस्कवर ७, ५, ०, २ असं छापलेलं आहे, पण ती आता तशी राहिलेली नाही. हलक्या हाताने सोडली तर सरळ जाते, जोर लावला तर थोडी उजवीकडेही जाते. नव्या डिस्कला हा स्वभाव पैसे देऊन येत नाही. ती मी जपून ठेवली आहे. का ते पुढे येईलच.

तरी सडा माझ्या लेखी पहिला नाही. दोन-तीन होल (टीपासून बास्केटपर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल) झाली की प्रत्येक फेक आधीच्या फेकीसारखी वाटायला लागते. बास्केट कुठेही ठेवा, उत्तर एकच: जोरात आणि सरळ. शिवाय जून ते सप्टेंबर सड्यावर पाय ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं आणि गेंद फुललेले असतात, तिथे आपल्या बुटांचं काम नाही. उन्हाळ्याकडे टिटव्या उघड्यावर अंडी घालतात. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरायला लागली की आमच्यात नियम आहे: ते होल त्या दिवशी रद्द, बास्केट दुसरीकडे.

बेताळभाटीला ओहोटीच्या वेळी गेलात तर पायाखाली घट्ट ओली वाळू मिळते, पाय घसरत नाही, पडलं तरी लागत नाही. नव्या माणसाला खेळ शिकवायला याहून चांगली जागा नाही, हे मडगावच्या वहिनींचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. किनारा दक्षिणोत्तर आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे प्रत्येक होलवर वारा आडवा. दक्षिणेकडे तोंड करून हायझर, म्हणजे डिस्कची बाहेरची कड खाली झुकवलेली फेक, सोडा: वारा उजवीकडून येतो, तिरक्या डिस्कच्या पोटाखाली शिरतो आणि तिला उचलून सुरूच्या झाडांकडे घेऊन जातो. तीच फेक उत्तरेकडे करा: आता वारा डिस्कच्या पाठीवर दाबतो आणि ती निम्म्या वाटेवर वाळूत रुतते. एकाच बास्केटवर दोन्ही बाजूंनी फेकून पाहा, पुस्तकातलं आठ दिवसांचं वाचन एका सकाळी होतं. समुद्र अर्थातच ओबी, म्हणजे हद्दीबाहेर. बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात, तेव्हा आवडती डिस्क पिशवीतच राहू द्या. साखळ्यांना खारी हवा लागते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पुसल्या नाहीत तर गंज धरलाच. आणि मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात, त्यांचा विचारही नको.

फोंड्याच्या मित्राने कुळागराचं, म्हणजे पोफळीच्या बागेचं, सुचवलं होतं. सावली सुंदर, पण पोफळीच्या खोडांवर मिरवेली चढलेल्या, मधून पाट वाहतात. तिथे एका ठिकाणी बास्केट ठेवून पटिंगचा, म्हणजे जवळून साखळीत डिस्क टाकण्याचा, सराव करावा, एवढंच.

आता बोरी. बाग मामांची आहे, उतारावरची, जुन्या झाडांची. काजूचं झाड उंच जात नाही, आडवं पसरतं, फांद्या कधी कधी थेट जमिनीला टेकतात. डोक्यावरून उंच हायझर टाकून सुटका करून घ्यायची सोय नाही, कारण वर छप्पर आहे. तिसरं होल बघा. जेमतेम ५५ मीटर, चढावर, बास्केट मेरेच्या (उतारावरच्या बांधाच्या) अगदी काठावर. डावीकडून मोकळी वाट आहे, पण ती फोरहँडवाल्यांची (हात अंगाच्या बाजूने पुढे आणून फेकणाऱ्यांची): डिस्क डावीकडे सोडायची आणि शेवटी उजवीकडे आत वळू द्यायची. मधून जायचं तर दोन खोडांच्या फटीतून, खांद्याच्या उंचीच्या फांदीखालून, सपाट आणि सरळ. इथे ती सड्यावर झिजलेली टीबर्ड लागते. नवी डिस्क शेवटी डावीकडे वळून खोडाला लागते. ही फटीतून निघून थेट मेरेपर्यंत जाते. त्यानंतरही काम संपत नाही. पट चुकला आणि डिस्क कडेवर पडली तर घरंगळत खाली ओहोळापर्यंत जाते. त्यामुळे १० मीटरच्या वर्तुळात उभं राहून साखळीवर नेम धरायचा की जवळ टाकून सुरक्षित राहायचं, हा विचार प्रत्येक वेळी करावा लागतो. या हंगामात माझा फोरहँड तयार झाला तो या होलमुळे, आणि पटिंगमधली घाईही इथेच गेली.

पेडण्याच्या मित्राचा आक्षेप असा, की बागेत नशीब जास्त आणि कौशल्य कमी, फांदीला लागून डिस्क कुठेही उडते. सुरुवातीला त्यात तथ्य होतं. मामांना विचारून आम्ही फटीतल्या वाळलेल्या फांद्या तेवढ्या काढल्या, ओल्या फांदीला हात लावला नाही. टीसमोरच्या खोडांना काथ्याची दोरी गुंडाळली, म्हणजे साल सोलपटत नाही. आता चांगली फेक दहापैकी नऊदा पार होते आणि वाईट फेक अडते. कोर्सकडून याहून जास्त काय हवं?

जगातही झाडांमधलेच कोर्स लोकांच्या तोंडी असतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं मेपल हिल हे ख्रिसमस ट्रीच्या चालू शेतावर आहे, आणि १९७५ साली कॅलिफोर्नियात एड हेड्रिक यांनी पहिला कायमचा कोर्स उभारला तो ओक ग्रोव्ह नावाच्या उद्यानात. शेत आणि खेळ एकाच जमिनीवर नांदू शकतात, मग काजूच्या बागेत का नांदू नयेत?

मामांची अट एकच: मोहोर दिसला की खेळ बंद, तो बोंडू गोळा करून संपेपर्यंत. ती रास्तच आहे. सध्या वरच्या झाडांना मोहोराची चाहूल लागली आहे, म्हणजे जेमतेम दोन रविवार हातात आहेत. येत्या रविवारी पेडण्याची मंडळी बोरीला यायला तयार झाली आहेत. त्यांना आणि वाचणाऱ्या सगळ्यांना सांगणं एवढंच: लांब फेकीच्या डिस्क (ड्रायव्हर) घरी ठेवा, मध्यम अंतराच्या (मिडरेंज) आणि जवळून टाकायच्या (पटर) आणा. डिस्क निळी किंवा गुलाबी असू द्या, केशरी डिस्क काजूच्या पाचोळ्यात डोळ्यासमोर असूनही सापडत नाही. पायात बूट हवेत, आणि पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने चाळवा, घोणस असू शकते. साडेसातला पहिली फेक.