‘झाली’ आणि ‘आली’

संध्याकाळी लोकलमधून उतरून धावतपळत आलेल्या आया मुलाला कडेवर घेता घेता दारातच विचारतात, “काकू, हिचं डायपर सोडवायला आता सुरुवात करू का?” डोंबिवलीत बावीस वर्षं पाळणाघर चालवतेय. हा प्रश्न बाराही महिने येतो, पण मार्च-एप्रिलमध्ये जरा जास्तच. जूनमध्ये नर्सरी सुरू होणार असते आणि बऱ्याच शाळांना डायपर नको असतं. मी उलट विचारते, “ती ‘शू झाली’ म्हणते की ‘शू आली’?” काहीजणींना वाटतं, काकूंनी प्रश्न टाळला. टाळत नाही. माझं सगळं उत्तर त्या दोन शब्दांतच आहे, म्हणून आज सवडीने सांगते.

दीड वर्षाच्या आसपास बरीच मुलं चड्डी ओली झाली की येऊन सांगतात, “शू झाली.” आईला वाटतं, कळायला लागलं! कळायला लागलंच आहे, पण झाल्यानंतर. पुढे कधीतरी खेळता खेळता मूल एकदम थबकतं, मान खाली घालून स्वतःच्या पायाकडे बघत राहतं. फरशीवर धार पडत असते आणि ती आपल्यातूनच येतेय याचं नवल त्याच्या तोंडावर असतं. त्या वेळी मी कुणाला ओरडू देत नाही. होत असताना कळणं ही मधली पायरी आहे, आणि ती फार मोलाची आहे.

त्यानंतर येतं ते ‘आली’. इथे शब्दावर विसंबू नका. मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं ‘शू आली’ मुलं सगळं झाल्यावरही म्हणतात. अंगाकडे बघा. माझ्याकडे सव्वादोन वर्षांची एक मुलगी होती, बोलायला उशिरा लागलेली. ठोकळे रचता रचता तिचा हात थांबायचा, दोन्ही गुडघे जवळ यायचे, फ्रॉकचं टोक मुठीत गच्च धरलं जायचं. तोंडातून अवाक्षर नाही, पण मी “चल” म्हटलं की उठून चालायला लागायची. आठवड्याभरात दिवसाचं डायपर सुटलं. आणि शी करायला पडद्यामागे किंवा कपाटाच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहणारं मूल घरात असेल, तर ते तुम्हाला सांगतंच आहे. त्याला आधी कळलं, त्याने जागा निवडली आणि तिथे पोचेपर्यंत ते थांबलं. आता फक्त जागा बदलायची आहे.

थांबता येणं मात्र आपल्या शिकवण्यावर नसतं. तान्ह्या बाळाची शू आपोआप होते, पिशवी भरली की रिकामी. तिथले स्नायू मेंदूच्या ताब्यात यायला साधारण दीड-दोन वर्षं लागतात, काहींना त्याहून जास्त. मी दुपारी झोपून उठल्यावर डायपर चाचपते. दोन-दोन तास कोरडं राहायला लागलं की समजते, आत तयारी झाली. त्यासोबत मूल “चप्पल काढ आणि बाबांना दे” अशा दोन कामांच्या सूचना पाळत असेल, चड्डी खाली ओढू शकत असेल, ओलं झाल्यावर कुरकुरत असेल, तर खुशाल सुरू करा.

“आमची मुलं वर्षाची असतानाच बसायची,” असं आज्या सांगतात. खरं सांगतात. माझ्या सासूबाई जमिनीवर पाय लांब करून बसायच्या, माझ्या लेकीला दोन्ही पावलांवर टेकवायच्या, पाठीला हात द्यायच्या आणि हळू आवाजात शूऽऽ शूऽऽ करायच्या. दूध पिऊन किती वेळात होते, तोंड कसं लाल होतं, हे त्यांना मुखपाठ होतं. ते कौशल्य त्यांचं होतं. लेक आठ महिन्यांची होती, तिला काय कळणार? शिवाय तेव्हा कापडी लंगोट असायचे, ओल लगेच अंगाला लागायची. डायपरमध्ये ती लागत नाही. सकाळी सातची लोकल पकडणाऱ्या आईने आजीच्या हिशोबाशी स्वतःला तोलून रडू नये. पण सुट्टीच्या दिवशी चार तास साधी चड्डी जरूर घालावी, मुलाला ओल कळू द्यावी.

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी आपल्या दहा वर्षांच्या प्रॅक्टिसमधल्या १,१७० मुलांच्या नोंदी १९६२ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. मुलाच्या कलाने घेतलेली ही मुलं दिवसा कोरडी राहायला लागली ती सरासरी २८.५ व्या महिन्याला. सव्वादोन-अडीच वर्षं! माझ्या पाळणाघरातलं चित्र फार वेगळं नाही. मुली बहुधा दोन-तीन महिने पुढे असतात, मुलगे मागून येतात.

घाई केली की काय होतं, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. फार वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन वर्षांचा मुलगा, शाळेची तारीख डोक्यावर. दर तासाला त्याला पॉटीवर बसवायचं असं त्याच्या आईने आणि मी मिळून ठरवलं. तो ताठ व्हायचा, पाय झाडायचा, तरी मी बसवत राहिले. त्याने शी धरून ठेवायला सुरुवात केली. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. शेवटी झाली ती दगडासारखी, रक्ताची रेघ घेऊन. मग दुखण्याच्या भीतीने तो आणखीच धरू लागला. डॉक्टरांनी शी मऊ राहण्याचं औषध दिलं, ते कित्येक महिने चाललं, आणि पॉटी नजरेआड ठेवायला सांगितली. तिसऱ्या वाढदिवसाच्या आगेमागे तोच एकदा माझा हात धरून बाथरूमकडे घेऊन गेला. तेव्हापासून मी पहिला प्रश्न विचारते तो शी मऊ होते का, हा. घट्ट होत असेल तर आधी ते डॉक्टरांना दाखवून बरं करा, बाकी सगळं नंतर.

पावसाळ्यात शक्यतो सुरू करू नका. दिवसाला सात-आठ चड्ड्या लागतात, वाळत नाहीत, आणि आईची चिडचिड मुलापर्यंत पोचते. मला मे महिना आवडतो. मूल उघडं फिरलं तरी चालतं, फरशी पुसली की झालं. घरात नवं बाळ आलं असेल किंवा घर बदललं असेल तर दीड-दोन महिने थांबा. सुटलेलं डायपर अशा वेळी परत लागलं तरी घाबरू नका, गाडी पुन्हा रुळावर येते.

कमोडवर बसवत असाल तर पायाखाली पाट द्या. पाय लोंबकळत असले की मुलाला जोर करता येत नाही आणि पडायची भीती वाटते. फ्लश ते उठून दूर गेल्यावर ओढा. त्या आवाजाला कितीतरी मुलं घाबरतात. आणि रात्रीचं डायपर यात आणूच नका. झोपेतलं नियंत्रण वेगळं, ते आपल्या वेळेने येतं. पाच वर्षांपर्यंत अधूनमधून गादी ओली झाली तर तो आजार नव्हे.

परवा एका आईने विचारलं. मुलगा दोन वर्षं दोन महिन्यांचा, अजून ‘झाली’च म्हणतो, डायपर तासाभरात भरतं. मी म्हटलं, अजून थांबूया. तोवर पॉटी बाथरूमच्या कोपऱ्यात ठेव, त्याला कपड्यांसकट बसायचं तर बसू दे, तू जाताना त्याला सांगून जा, “आईला शू आली.” काल घ्यायला आली तेव्हा सांगत होती, घरी त्याने आपल्या अस्वलाला पॉटीवर बसवलं आणि बराच वेळ त्याच्यासाठी शूऽऽ शूऽऽ करत बसला होता.