जॅझ अल्बम, नोंद ६ : ‘सो व्हॉट’चा सा

जॅझची सहा गाणी पेटी, तबला आणि तानपुऱ्यासोबत बसवून अल्बम करतोय. त्यातली चार झाली असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ते मागे घेतो. ‘सो व्हॉट’ पुन्हा उघडलंय, म्हणजे तीनच.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ अल्बममधलं हे पहिलं गाणं. ३२ बारचा (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट) फेरा: १६ बार डी सुरावरचं डोरियन सप्तक, ८ बार अर्धा सूर वर, शेवटचे ८ पुन्हा खाली. डोरियन म्हणजे आपला काफी थाट, तेच सात सूर. त्यामुळे पांढरी दोनचे (पेटीवरचा डी) १६ बार आमच्या पेटीवाल्याने पहिल्याच दिवशी वाजवून दाखवले. मग आठ बार काळी दोन, म्हणजे तो अर्धा सूर वर. थाट तोच, सा मात्र उचलून वर ठेवलेला. बेस-गिटारला काही फरक पडत नाही, पण खाली तानपुरा पांढरी दोनवर वाजतोय! नव्या सा च्या हिशेबात तानपुऱ्याचा सा होतो शुद्ध निषाद, त्याचा पंचम तीव्र मध्यम. दोन्ही टोचतात.

त्या आठ बारांत तानपुरा बंद करून पाहिला. लाईट गेल्यासारखं वाटलं. मग स्केलचेंजर पेटीची (जिच्यात पट्टी सरकवून सा बदलता येतो) पट्टी सरकवून पाहिली. सूर बरोबर आला, पण ‘खट्’ आवाज माइकने इमानदारीत टिपला.

उत्तर सापडलं रविवारी, तर्री-पोह्यांच्या गाडीवर. पोह्याच्या कागदावर दोन्ही सप्तकं खालीवर लिहिली आणि सारखे सूर शोधले. सातातले दोनच निघाले: पांढरी चार (एफ) आणि पांढरी एक (सी). आता पांढरी चार सा धरा, तर पांढरी एक त्याचा पंचम! म्हणजे तानपुरा पांढरी चारवर लावला की तो पूर्ण गाणंभर हलवावा लागत नाही. आणि खरी गंमत पुढे आहे. या सा वरून पहिले १६ बार कल्याण थाट, म्हणजे यमनचे सूर होतात, मधले आठ भैरवी. यमन चालू असताना मध्येच आठ बार भैरवी, आणि परत यमन. कागदावर तर्री सांडली होती तरी तो जपून घरी आणला.

गिटारवाला खूश नाही. “बे, हे ‘सो व्हॉट’ राहिलंच कुठे?” असं त्याचं म्हणणं. मुद्दा चूक नाही. मूळ गाण्यात बेस विचारतो आणि बाकीची वाद्यं दोन कॉर्ड्सनी (एकत्र वाजणारे सूर) उत्तर देतात, तो सवाल-जवाबच गाण्याचा जीव. तेवढा आम्ही शाबूत ठेवलाय, बेसचा सवाल आणि पेटीचा जवाब. मला पुरेसं वाटतं, त्याला नाही.

दुसरं गाणं, पाच ठोक्यांच्या बारचं ‘टेक फाइव्ह’, दहा मात्रांच्या झपतालात बसवलंय. त्याचे पाच ठोके ३-२ असे, झपतालाचे २-३-२-३, म्हणून ठेका तिसऱ्या मात्रेपासून धरतो. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दुसऱ्या बारच्या चौथ्या ठोक्यावर पडते. सवय झाली.

बाकी कटकट नागपूरच्या मे महिन्याची. कूलर लावला तर दमट हवेने तबला उतरतो, वर माइकमध्ये घरघर. बंद केला तर दहा मिनिटांत पुडी (तबल्याचं कातडं) तापून तबला चढतो, पेटी मात्र जिथल्या तिथे. रविवारी एका टेकसाठी तबला सुरात आणायला चार वेळा हातोडी घेतली. आता पहाटे पाचला रेकॉर्डिंग ठेवलंय. तबलजी अजून हो म्हणाला नाही.