आमची वाटचाल : पासवर्ड फोनवर सांगायचो तेव्हापासून

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलवाल्यांना ऑर्डरी आणि बिलांचं सॉफ्टवेअर करून द्यायचं, यावर आमची फर्म उभी राहिली. नव्या पेठेत एक गाळा, दोन कॉम्प्युटर, मी आणि माझा मेहुणा. गावात आमचं नाव झालं ते एकाच गोष्टीनं. पासवर्ड विसरलात? फोन करा. "सांगा की ओ, काय होता माझा?" असं कुणी विचारलं की मी डेटाबेस उघडून वाचून दाखवायचो. निम्म्यांचा पासवर्ड म्हणजे गाडीचा नंबर. याला आम्ही सर्व्हिस म्हणायचो!

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत असाच एक फोन आला. आवाज ओळखीचा वाटला, सांगून टाकला. बोलणारा शेठ नव्हता, काम सोडून गेलेला त्यांचा माणूस होता. आठवडाभरात शेठचे भाव दुसऱ्या पार्टीकडे. शेठ गाळ्यावर आले, चहा नको म्हणाले. "माझा पासवर्ड तुम्हाला दिसतोच कसा?" एवढंच विचारलं.

मेहुणा म्हणाला, पासवर्डऐवजी त्याचा हॅश ठेवू, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही असा सांकेतिक मजकूर. त्यासाठी एमडी५ ही जुनी पद्धत लावू. पण त्याचा वेग हाच त्याचा दोष. चोराचे अंदाजही तितक्याच झपाट्यानं तपासून होतात. मग बीक्रिप्ट घेतलं, मुद्दाम सावकाश हॅश करणारी पद्धत. ते 1999 पासून आहे, आणि पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत 2013 च्या 5.5 आवृत्तीपासून त्याचं फंक्शन आयतंच मिळतं. प्रत्येक पासवर्डला वेगळं सॉल्ट, म्हणजे त्यात मिसळलेली यादृच्छिक अक्षरं, म्हणून दोघांचा पासवर्ड सारखा असला तरी हॅश वेगळा. हॅशला किती मेहनत लागावी हे ठरवणारा आकडा म्हणजे कॉस्ट; ती एकानं वाढवली की मेहनत दुप्पट. आम्ही 12 ठेवली. लॉगिनला किंचित वेळ लागतो, पण माग चालवणाऱ्याला तो जाणवतही नाही.

सगळे पासवर्ड एका रात्रीत हॅश झाले. जुने बॅकअप मात्र पेनड्राइव्हवर, ड्रॉवरमध्ये, कुठं कुठं पडले होते. ते हुडकून पुसण्यात आठवडा गेला.

एक गंमत नंतर कळली. एका गिऱ्हाइकानं पासवर्ड म्हणून देवनागरीत अख्खी ओळ ठेवली होती. शेवटचा शब्द चुकला तरी लॉगिन होई! बीक्रिप्ट पहिले 72 बाइटच बघतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट खातं. म्हणजे 24 चिन्हांपुढचं सगळं वाया. आता तेवढी लांबी आधीच तपासतो.

दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्तीही काढली. लोक शेवटी 1 चं 2 करतात, दुसरं काही नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनंही 2017 मध्ये ही सक्ती नको असंच सांगितलंय.

फोन अजून येतात. "मलाच दिसत नाही हो," म्हटलं की काहीजण चिडतात. मग नवा पासवर्ड ठेवायची लिंक मेलवर पाठवतो, अर्ध्या तासाची, एकदाच चालणारी. पण कारखान्याचा मेल बहुधा दिवाणजींच्या मोबाइलवर असतो, म्हणजे लिंक परत तिसऱ्याच्याच हातात. म्हणून सध्या एकेका कारखान्यात जाऊन प्रत्येकाचं खातं वेगळं करून देतोय. निम्मे झालेत.