फक्त रात्री तापणारी डॉल्फिन

सिपानी डॉल्फिन ही छोटी गाडी आता कुणाला आठवत नाही. मूळची इंग्लंडची रिलायंट किटन, 1982 पासून काही वर्षं बंगळुरूला बनायची. फायबरची बॉडी, खाली लोखंडी चासी, 848 सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन. दोनच दारं असल्यामुळे कुटुंबवाल्यांनी नाक मुरडलं, मग मारुती आली आणि विषय संपला. पण वजनाला इतकी हलकी, की मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर आम्ही ती रेसला पळवायचो तेव्हा वळणावर फियाटवाले मागे पडायचे. त्यामुळे गेल्या महिन्यात एक पोरगा वडिलांची डॉल्फिन टो करून घेऊन आला, तेव्हा हातातलं काम टाकून मी बाहेर धावलो.

"काका, ही फक्त रात्री तापायची. आता तर बंदच पडलीय."

आधीच्या गॅरेजने थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटर सगळं बदललं होतं. तरी तापमानाचा काटा वर जातोच म्हणून हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं होतं.

रात्री हवा थंड, मग गाडी तापेल कशाला? मी विचारलं, "रात्री पेट्रोलचा काटा काय करतो?"

पोरगा हसला. "तोही चढतो. बाबा म्हणायचे, आपली गाडी पेट्रोल तयार करते."

झालं, रोग कळला. साध्या गाडीत पत्र्याची बॉडीच अर्थिंगचं काम करते, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेते. फायबरमधून करंट जात नाही, म्हणून इथे प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर लागते. डॅशमागे एक छोटा स्टॅबिलायझर दोन्ही काट्यांना साधारण 10 व्होल्ट देतो. त्याची आणि दिव्यांची अर्थ एकाच गंजलेल्या टर्मिनलवर होती. दिवे लावून मीटर धरला: त्या टर्मिनलपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत दीड व्होल्ट! तिथे जवळपास शून्य हवं. अर्थ अशी उचलली गेली की काट्यांना जास्त व्होल्टेज जातं आणि दोन्ही काटे खोटं बोलतात. शोलावरमला प्रॅक्टिसच्या आधी आम्ही प्लगपेक्षा अर्थ आधी बघायचो. हल्ली मीटर काढायचा कंटाळा, पार्ट बदलायची मात्र घाई.

इंजिन कधी तापलंच नव्हतं. मग बंद का पडलं? डिपस्टिक काढली, ऑइल दुधाळ. या इंजिनात लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळकांडी, ठोकून बसवलेले नसतात. ते खाली सीलवर नुसते टेकलेले असतात, भोवती पाणी, वरून हेडचा दाब. हेड काढलं की स्टडवर वॉशर-नट लावून लायनर दाबून धरायचे, मगच क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला खालचा दांडा, फिरवायचा. नाहीतर पिस्टन लायनरला वर ओढतो, सील सुटतं आणि पाणी ऑइलमध्ये. पिस्टनवरचा कार्बन घासायला आधीच्या गॅरेजवाल्यांनी क्रँक बिनधास्त फिरवला होता. मापं घेतली, लायनरचा आतला बोअर अजून उत्तम. एवढी वर्षं ठणठणीत राहिलेलं इंजिन नसलेल्या तापाच्या उपचारात गेलं, हे काही डोक्यातून जात नाही.

सील इंग्लंडहून मागवलेत. तिकडच्या तीनचाकी रॉबिनलाही हेच इंजिन असायचं, म्हणून अजून मिळतात. बिलं मी दोन केलीत. वायरचं पोराच्या नावाने. लायनरचं कुणाच्या नावाने फाडू, ते त्याने अजून सांगितलेलं नाही.