तुम्ही विचारलंत म्हणून: बूट पुढे असूनही थॉम्पसनला रौप्यच का?

शंभर मीटरचा विषय निघाला की कोणीतरी मोबाइलवर पॅरिसचा तो फोटो उघडतंच. ४ ऑगस्ट २०२४, स्टाद द फ्रान्स, पुरुषांची ऑलिंपिक अंतिम शर्यत. फोटोत जमैकाच्या किशेन थॉम्पसनचा बूट रेषेच्या पार गेलेला दिसतो आणि सुवर्णपदक मात्र अमेरिकेच्या नोआ लाइल्सच्या गळ्यात. "हे कसं काय?" असा प्रश्न येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा संशयही असतो.

सरळ उत्तर असं की पाय मोजतच नाहीत. नियमात धड मोजतात. डोकं, मान, हात, पाय, पंजे यांतलं काहीही आधी पोचलं तरी त्याला किंमत नाही. धडाचा कुठलाही भाग अंतिम रेषेच्या अलीकडच्या कडेवरच्या उभ्या प्रतलाला लागला की तुमची वेळ थांबते. रेषा ५ सेंटीमीटर रुंद असते आणि हिशेब तिच्या सुरुवातीकडच्या कडेचा, पलीकडच्या कडेचा नाही. लाइल्सचं धड ९.७८४ सेकंदांना तिथे पोचलं, थॉम्पसनचं ९.७८९ ला. विषय इथेच संपला असता, पण मग तो फोटो इतका फसवा का दिसतो, ही खरी गंमत आहे.

आपण ज्याला फोटो म्हणतो तो एका क्षणाचा नसतो. फोटो-फिनिशचा कॅमेरा स्टँडमध्ये उंचावर, बरोबर रेषेच्या सरळीत बसवलेला असतो आणि त्याला दिसते फक्त ती रेषा. केसाएवढी उभी फट म्हणा. त्या फटीतून तो एकामागून एक चिरोट्या, म्हणजे अगदी अरुंद उभ्या पट्ट्यांची चित्रं, घेत जातो. पॅरिसला ओमेगाचा जो कॅमेरा होता तो सेकंदाला ४०,००० पर्यंत चिरोट्या घेऊ शकतो. त्या शेजारीशेजारी लावल्या की रुंद पट्टा तयार होतो आणि तोच आपल्याला 'फोटो' म्हणून दाखवतात. या पट्ट्यावर आडवं अंतर म्हणजे मीटर नव्हेत, वेळ आहे. दोन धावपटूंमधली मोकळी जागा म्हणजे एक येऊन गेल्यावर दुसरा यायला लागलेला वेळ. मागची पार्श्वभूमी पांढरी दिसते, कारण फटीला कायम पांढरी रेषाच दिसत असते; ट्रॅकचा रंग तिथे यायला वावच नाही.

आता बुटाकडे या. धावणाऱ्याचं धड फटीसमोरून साधारण एका वेगाने सरकतं, म्हणून ते बऱ्यापैकी माणसासारखं दिसतं. पाय तसे नाहीत. हवेत पुढे झेपावणारा पाय धडापेक्षा खूप जास्त वेगाने फटीसमोरून जातो, त्यामुळे तो आखूड, काटकुळा दिसतो. आणि जो पाय नेमका रेषेवर टेकतो, तो पूर्ण वेगातसुद्धा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास जमिनीला चिकटून असतो. तेवढा वेळ फटीला बुटाचा तोच तुकडा पुनःपुन्हा दिसतो आणि पट्ट्यावर बूट ओढून ताणल्यासारखा लांबलचक उमटतो. विदूषकाच्या जोड्यासारखे बूट आणि वाकडे गुडघे पाहून कॅमेरा बिघडला असं समजू नका; तो नीट चालल्याची ती खूण आहे.

टीव्हीवरून अंदाज बांधणं तर सोडूनच द्या. थॉम्पसन चौथ्या लेनमध्ये, लाइल्स सातव्या. टीव्हीचा कॅमेरा रेषेच्या सरळीत नसतो, थोडा तिरका असतो, त्यामुळे मधल्या तीन लेनचं अंतर कोणालाही पुढे-मागे दाखवू शकतं. खुद्द लाइल्सला वाटलं होतं की थॉम्पसननेच बाजी मारली. तसं त्याने थॉम्पसनला बोलूनही दाखवलं. फलक लागायला जे काही सेकंद गेले, त्यात कोणाचाच अंदाज भरवशाचा नव्हता.

त्या सेकंदांत आत काय चालतं? फोटो-फिनिश वाचणारा पंच पडद्यावर एक उभी बारीक रेघ सरकवतो आणि एकेका धावपटूच्या धडाच्या पुढच्या टोकाला ती टेकवतो. रेघ जिथे टेकली तिथली वेळ यंत्र दाखवतं. ऐकायला सोपं आहे. अडचण येते खांद्यापाशी. खांदा कुठे संपतो आणि दंड कुठे सुरू होतो? धावताना हात पुढे झुलत असेल तर दंडाचा गोल भाग छातीच्या पुढे दिसतो, आणि नवखा माणूस रेघ तिथे टेकवतो. ती चूक. शिवाय कॅमेऱ्याच्या बाजूचा हात छाती झाकून टाकतो. त्यासाठी समोरच्या बाजूनेही कॅमेरा लावतात, म्हणजे एका बाजूने झाकलेलं धड दुसऱ्या बाजूने उघडं मिळतं. वाऱ्याने फुगलेलं बनियन किंवा सुटलेला छातीवरचा नंबर म्हणजेही धड नव्हे. कोण कोणत्या लेनचा हे गोंधळात पडू नये म्हणून चड्डीच्या बाजूला, कॅमेऱ्याकडे तोंड करून लेनचा नंबर चिकटवलेला असतो. घामाने तो उचकटला की वाचणाऱ्याची धांदल उडते.

याच्याही आधी, मैदान भरण्यापूर्वी, शून्य-चाचणी होते. बंदुकीची ज्वाला त्याच कॅमेऱ्यात पकडतात आणि घड्याळ ज्वालेबरोबर सुरू होतं का ते तपासतात. कॅमेरा रेषेच्या सरळीत आहे का हे पाहण्यासाठी लेनच्या रेघा अंतिम रेषेला जिथे छेदतात ते तुकडे काळे रंगवलेले असतात. कॅमेरा जरासा हलला तरी ते काळे तुकडे नीट दिसत नाहीत आणि गडबड लगेच कळते. सकाळी सरळ लावलेली कॅमेऱ्याची तिपाई दुपारी कोणाचा तरी पाय लागून हलते. हे होतं. म्हणून दर थोड्या वेळाने पाहायचं.

पुढचा प्रश्न ठरलेला: मग निकालात दोघांनाही ९.७९ का लिहिलं? वेळ हजारांशात वाचतात, पण जाहीर करताना शतांशात करतात आणि ती नेहमी वरच्या बाजूला नेतात. ९.७८० असेल तर ९.७८ राहतं, ९.७८१ झालं की ९.७९. त्यामुळे ९.७८४ आणि ९.७८९ दोन्ही ९.७९ झाले. क्रम लावायला हजारांश वापरायचा, विक्रम लिहायला शतांश. मला हे योग्य वाटतं. एकाच शर्यतीत, एकाच पट्ट्यावर हजारांशाची तुलना निर्धोक आहे. पॅरिसच्या ट्रॅकवरचा हजारांश दुसऱ्या शहरातल्या ट्रॅकवरच्या हजारांशाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. अशी वेळ फक्त पॅरिसलाच आली असंही नाही. २०२२ च्या अमेरिकेतल्या युजीनच्या जागतिक स्पर्धेत शंभर मीटरला मार्विन ब्रेसी आणि ट्रेव्हॉन ब्रोमेल दोघांनाही ९.८८; रौप्य आणि कांस्य ठरलं ९.८७४ आणि ९.८७६ वर.

पाच हजारांश म्हणजे किती? शेवटी वेग सेकंदाला साडेअकरा मीटरच्या आसपास धरला तर पाच-सहा सेंटीमीटर. आपल्या तीन बोटांएवढं.

तीन बोटांचं अंतर शेवटच्या पावलावर मिळवता येतं आणि घालवताही येतं. त्यालाच छाती टाकणं म्हणतात. शेवटचं पाऊल टेकत असताना दोन्ही हात झटक्यात मागे, हनुवटी खाली, छाती आणि खांदे पुढे. हात मागे गेल्यानेच धड पुढे जातं. हात पुढे ठेवून वाकलं तर नुसतं डोकं पुढे जातं, आणि डोकं तर मोजत नाहीत. मुलं सर्वांत जास्त चुकतात ती वेळेत. रेषेच्या तीन-चार मीटर आधीच छाती टाकली तर पाय शरीराच्या मागे राहतात, पुढचं पाऊल ब्रेकसारखं आपटतं आणि मिळवलेलं निसटतं. म्हणून सरावात रेषेवर थांबायचं नाही. रेषा दहा मीटर पुढे आहे असं समजून पळायचं आणि छाती फक्त अगदी शेवटच्या पावलावर.

उडी टाकली तर? नियमाला हरकत नाही, धड पोचलं की झालं. पण पाय जमिनीवरून सुटले की वेग वाढवायला काही उरत नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमधली ४०० मीटरची अंतिम शर्यत आपल्याकडे मिल्खा सिंग यांच्या हुकलेल्या कांस्यपदकासाठी माहीत आहे. तिथे कांस्य माल्कम स्पेन्सला गेलं. विजेवरच्या घड्याळात त्याचे ४५.६०, मिल्खांचे ४५.७३. त्याच शर्यतीत सुवर्णासाठी काय झालं हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. अमेरिकेचा ओटिस डेव्हिस आणि जर्मनीचा कार्ल काउफमान दोघांचीही हातघड्याळात (हाताने बटण दाबायचं स्टॉपवॉच) ४४.९, म्हणजे दोघांच्याही नावावर विश्वविक्रम. काउफमानने रेषेवर अंग झोकून दिलं आणि तो पडला. फोटोवरून सुवर्ण डेव्हिसला मिळालं; विजेच्या घड्याळात फरक एका शतांशाचा, ४५.०७ आणि ४५.०८.

घड्याळ कुठे थांबतं हे झालं. ते सुरू कुठे होतं यातही लोकांचा घोळ असतो. धावपटू हलला की नाही, बंदुकीबरोबर. त्यामुळे हलायला लागलेला वेळ तुमच्या वेळेतच जमा होतो. पॅरिसला अमेरिकेचाच फ्रेड कर्ली बंदुकीनंतर ०.१०८ सेकंदांत निघाला, लाइल्स ०.१७८ मध्ये. शर्यत सुरू होण्याआधीच सात शतांशांची उधारी! तीस मीटरला लाइल्स सगळ्यांच्या मागे होता. कर्लीला शेवटी ९.८१ वर कांस्य मिळालं. थॉम्पसनही ०.१७६ ला, म्हणजे जवळपास लाइल्सएवढाच उशिरा निघाला, हे लक्षात घेतलं की ती पाच हजारांशांची चुरस अधिक नीट कळते. चांगली सुटका मोलाची आहे, पण शंभर मीटरमध्ये खरी कमाई नंतरच्या वेगाची असते.

आवाजाचंही गणित आहे. पूर्वी बंदूक पहिल्या लेनच्या बाजूला वाजायची. लेन १.२२ मीटर रुंद. पहिल्यापासून आठवीपर्यंत सुमारे साडेआठ मीटर. आवाज सेकंदाला ३४० मीटर धरा, आठव्या लेनला तो अडीच शतांश उशिरा पोचणार. पदक हजारांशात ठरत असेल तर हे चालणार नाही. म्हणून मोठ्या स्पर्धांत आता प्रत्येक ब्लॉकच्या (ज्यावर पाय रोवून धावपटू सुटतो) मागे स्पीकर असतो आणि बंदूकही काडतुसाची नसते, विजेचा संकेत देणारी असते.

ब्लॉकमध्ये पायाचा जोर मोजणारं यंत्र बसवलेलं असतं. बंदुकीनंतर ०.१०० सेकंदाच्या आत जोर पडला की स्टार्टरच्या, म्हणजे शर्यत सोडणाऱ्या पंचाच्या, कानात शिट्टी वाजते. माणूस आवाज ऐकून इतक्या लवकर निघूच शकत नाही, म्हणजे त्याने अंदाजावर उडी मारली, असा त्यामागचा तर्क. युजीनला ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत डेव्हन ॲलन ०.०९९ ला निघाला आणि बाद झाला. एक हजारांश! नियम नियम आहे, पण मला ही सीमा कडक वाटते. २०१० पासून वेळेआधी निघण्याच्या पहिल्याच चुकीला बाहेर. त्याआधी सात वर्षं पहिली चूक सगळ्यांच्या खात्यावर जायची आणि दुसऱ्यांदा जो चुकेल तो बाद. त्यामुळे हुशार लोक मुद्दाम पहिली चूक करून बाकीच्यांना बिचकवत. २०११ ला दक्षिण कोरियातल्या देगूच्या जागतिक स्पर्धेत उसेन बोल्ट शंभर मीटरच्या अंतिम फेरीतूनच बाहेर गेला, आणि २०२५ च्या टोकियोच्या जागतिक स्पर्धेतल्या अंतिम फेरीत बोट्स्वानाचा लेत्सिले तेबोगो.

शेवटी, ज्यांची मुलं शालेय किंवा जिल्हा स्पर्धेत पळतात त्यांच्यासाठी. "आमच्याने १०.९ काढलेत" असं ऐकलं की आधी विचारा, वेळ कशी घेतली. हातघड्याळ असेल तर तीन टायमर एकाच धावपटूची वेळ घेतात. दोघांची जुळली तर ती धरायची, तिघांची वेगळी निघाली तर मधली. मिळालेली वेळ वरच्या दशांशात न्यायची: घड्याळात १०.८१ आलं तर निकालात १०.९. आणि टायमरने बंदुकीच्या धुरावर किंवा ज्वालेवर बटण दाबायचं, आवाजावर नाही. शंभर मीटरवरून आवाज यायला जवळपास ०.२९ सेकंद लागतात. आवाजाची वाट पाहिली तर मुलाला तेवढी सूट फुकटच मिळते. धुरावर दाबलं तरी बोट थोडं उशिराच हलतं. रेषेवर मात्र धावपटू येताना दिसत असतो, म्हणून तिथे ते वेळेवर दाबलं जातं. त्यामुळे हाताची वेळ नेहमी कमी भरते, आणि ती विजेच्या वेळेशी ताडायची झाली तर शंभर मीटरला ०.२४ मिळवतात. १०.९ म्हणजे ११.१४ धरा.