घशाची शस्त्रक्रिया नेमकी कोणाच्या घशासाठी?

झोपेत घसा मिटून श्वास अडण्याच्या आजारावर १९८१ साली दोन वेगळ्या वाटा एकदमच खुल्या झाल्या: ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा देणारे सीपॅप मांडले आणि अमेरिकेत फुजिता यांनी टॉन्सिल, पडजीभ व मऊ टाळूची कड काढून घसा रुंद करणारी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. त्याआधी गंभीर रुग्णांच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासाला वाट करून देण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते.

हा आजार आपल्याकडे अपूर्वाईचा नाही. मुंबईतल्या मध्यमवयीन पुरुषांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दिवसाच्या पेंगेसह हा विकार सुमारे साडेसात टक्के जणांत आढळला होता. विरारच्या गाडीत उभ्याउभ्या डुलकी घेणारा प्रत्येक जण नुसता दमलेलाच असतो, असे मला तरी आता वाटत नाही.

बोरिवलीला राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांना हाच आजार आहे, पण सीपॅपचा मास्क सोसत नाही, त्यामुळे 'एकदाचे ऑपरेशन उरकून टाका' असे त्यांना पाहुणेसुद्धा सांगतात. या सल्ल्यात घसा नेमका कुठे मिटतो हा प्रश्नच गाळलेला असतो. काहींचा मऊ टाळूपाशी, काहींचा जिभेच्या मुळाशी, तर अनेकांचा एकाहून अधिक ठिकाणी मिटतो, आणि जीभ मागे पडणाऱ्या माणसाच्या टाळूवर कितीही सफाईने काम केले तरी मूळ अडथळा तसाच राहतो. सरसकट निवडलेल्या रुग्णांत ही शस्त्रक्रिया सुमारे चाळीस टक्के जणांनाच पुरेशी लागू पडते, असा निष्कर्ष १९९६ च्या एका आढाव्यात निघाला होता. पुढे फ्रीडमन यांनी टॉन्सिलचा आकार, जिभेच्या तुलनेत टाळूची ठेवण आणि वजन पाहून रुग्णांची वर्गवारी केली, तेव्हा मोठे टॉन्सिल व अनुकूल टाळू असलेल्यांत हेच यश ऐंशी टक्क्यांच्या घरात गेले आणि प्रतिकूल गटात दहाच्याही खाली घसरले. म्हणूनच हलकी भूल देऊन, झोपेसारख्या अवस्थेत दुर्बिणीने घसा पाहण्याची तपासणी मला शस्त्रक्रियेच्या तारखेपेक्षा महत्त्वाची वाटते.

आता अनेक शल्यविशारद ऊती कापून टाकण्याऐवजी घशाच्या बाजूचे स्नायू वळवून वा विशिष्ट टाक्यांनी ताणून वाट रुंद करतात आणि पडजीभ शक्यतो राखतात. तरीही पहिले दोन आठवडे गिळताना चांगलेच दुखते, रक्तस्रावाचा धोका असतो, आणि क्वचित पाणी पिताना ते नाकात येते. हे आधीच स्पष्ट सांगणारा डॉक्टर मला अधिक भरवशाचा वाटतो.

शस्त्रक्रियेनंतर घोरणे कमी झाल्याचे घरच्यांना लगेच कळते, परंतु आवाज ओसरला तरी श्वास अडणे चालू राहू शकते. त्यामुळे काही महिन्यांनी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास नोंदवणारी तपासणी, पुन्हा करावी लागते, आणि तिचा अहवाल हाती येईपर्यंत सीपॅपचे यंत्र कोणाला देऊन टाकू नये.